कापलेला भाग

चि. समीर,

तुझं पत्र पोचलं. 'लिटल रास्कल्स'च्या जुन्या फिल्मांचा संच मागवलास आणि इराला घेऊन बघायला बसलास, हे वाचून फार आनंद झाला. तू लिहिलं आहेस की त्यातल्या फरीना या काळ्या मुलावरचा एक विनोद आला तेव्हा तू टीव्ही बंद केलास, आणि 'बाबा, का बंद केलं?' या तिच्या प्रश्नाला तुला उत्तर देता आलं नाही. आता यातल्या कुठल्या फिल्म वगळाव्यात ते तू मला विचारतो आहेस. माझं उत्तर असं, की एकही वगळू नकोस. हे मी सहज म्हणत नाही. या फिल्म कापून दाखवायचा प्रयोग इथे अमेरिकेत वर्षानुवर्षं झाला. त्यात काय गेलं ते मी माझ्या मुलांशेजारी बसून बघितलं आहे.

थोडं मागचं सांगते. हॅल रोच या निर्मात्याने १९२२ साली कॅलिफोर्नियात 'अवर गँग' नावाने ही मालिका सुरू केली. तो स्वतःच सांगायचा ती गोष्ट अशी: नटूनथटून, पाठ केलेलं म्हणून दाखवायला आलेली एक मुलगी बघून तो कंटाळला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. बाहेर लाकडाच्या वखारीजवळ काही पोरं काठ्यांवरून भांडत होती. सगळ्यात लहान पोराकडे सगळ्यात मोठी काठी होती आणि ती मोठ्या पोराला हवी होती. रोच बराच वेळ ते भांडण बघत राहिला. मग त्याला वाटलं, मला हे एवढं बघावंसं वाटतं तर लोकांनाही वाटेल. दिग्दर्शक रॉबर्ट मॅकगोवनने ते पडद्यावर आणलं. कित्येक मुलांना वाचताही येत नव्हतं, त्यामुळे तो प्रसंग तोंडी समजावायचा आणि मूकपटांच्या दिवसांत तर कॅमेरा चालू असतानाच सूचना द्यायचा. म्हणूनच त्या मुलांच्या चेहऱ्यावर शिकवलेलं काही दिसत नाही. रोचच्या स्टुडिओत ८८ मूकपट आणि ८० बोलपट झाले. १९३८ मध्ये त्याने मालिका एमजीएमला विकली. पुढे १९४४ पर्यंत तिथे आणखी ५२ फिल्म निघाल्या, पण त्यांच्यात तो जीव नाही. तिथली मुलं उपदेश करतात. इराला त्या दाखवल्या नाहीस तरी चालेल. मात्र माझ्या दृष्टीने ते वगळणं नव्हे, ती आपली आवड.

नाव एमजीएमकडे गेलं होतं, म्हणून रोचचे बोलपट टीव्हीसाठी विकले गेले तेव्हा ते 'लिटल रास्कल्स' झाले. १९५५ पासून ते गावोगावच्या चॅनलांवर लागायला लागले आणि वर्षानुवर्षं थांबले नाहीत. आम्ही क्वीन्समध्ये राहायला आलो तेव्हा न्यूयॉर्कच्या ११ नंबरच्या चॅनलवर ते लागायचे. तुम्ही तिकडे वाढलात, तिथे दूरदर्शनवर एखादी गोष्ट लागून गेली की गेली. इथे तीच फिल्म वर्षभरात कितीदा तरी यायची. मुलांना ओळी पाठ असत. पुढे काय होणार हे माहीत असूनही ती तितकीच हसत. बहुतेक फिल्म मुळात वीसेक मिनिटांच्या, अर्ध्या तासात जाहिरातींसकट बरोबर बसणाऱ्या. तरी एखाद्या चॅनलला चार जाहिराती जास्त मिळाल्या की फिल्मला कात्री लागे. सोळा मिलिमीटरच्या प्रिंटाही झिजलेल्या, जोडलेल्या. एका चॅनलवर दिसलेला प्रसंग दुसऱ्या चॅनलवर नसायचा.

मुलांमधले वाद तिथूनच सुरू व्हायचे. असा प्रसंग होता की नव्हता? शाळेच्या बसमध्ये, कपडे धुवायच्या दुकानात, जिन्यात हीच चर्चा. पुढे मोठ्या माणसांतही हाच छंद असलेले लोक भेटले. त्यांच्याकडे आयोवातल्या ब्लॅकहॉक कंपनीकडून घेतलेल्या, न कापलेल्या प्रिंटा होत्या. टीव्हीवरून टेप केलेली फिल्म आणि ती प्रिंट शेजारी लावून ते कापलेलं नेमकं काय ते शोधत. १९७७ मध्ये लेनर्ड मॉल्टिन आणि रिचर्ड बॅन यांचं या मालिकेवरचं पुस्तक आलं तेव्हा त्या मंडळींना केवढा आधार वाटला!

मोठी कात्री १९७१ मध्ये लागली. टीव्हीचे हक्क असलेल्या किंग वर्ल्ड कंपनीने सगळा संच तपासला आणि वंशावरून केलेले विनोद काढले. काही फिल्म तर संचातूनच गेल्या. त्यामागचं कारण खरं होतं, हे आधी मान्य केलं पाहिजे. फरीना भुताला घाबरतो आणि त्याचे केस उभे राहतात, हा त्या काळच्या सिनेमात काळ्या माणसावरचा ठरलेला विनोद होता. मालिकेतल्या बकव्हीट या मुलाचं नाव शाळांतून काळ्या मुलांना चिडवायला वापरलं जाई. ज्या आयांनी तक्रारी केल्या त्यांच्या बाजूने मीही उभी राहिले असते.

पण गेलं काय ते बघ. १९३१ ची 'लिटल डॅडी' संचातून गेली. दहा-अकरा वर्षांचा फरीना धाकट्या स्टायमीचा बाप झालेला आहे. दोघांचं घर तो एकटा सांभाळतो. अनाथाश्रमाचा माणूस स्टायमीला न्यायला येणार असतो. गँग त्याला निरोपाची मेजवानी द्यायचं ठरवते, आणि सगळे यायच्या आत स्टायमी एकटाच ती फस्त करून टाकतो. दोन काळ्या मुलांनी आपल्या खांद्यावर पेललेली ही फिल्म. १९२९ ची 'लेझी डेज' हीसुद्धा फरीनाचीच, तीही गेली. अपमान काढायला निघालेल्या कात्रीने ज्यांचा अपमान झाला होता तीच मुलं पडद्यावरून कमी केली. गोरी मुलं मात्र बहुतांशी राहिली.

आमच्या खालच्या मजल्यावर जॉर्जियातून आलेल्या एक कृष्णवर्णीय आजी राहत. आमची मुलं शाळेतून आली की कधी कधी त्यांच्याकडे टीव्ही बघायला बसत. लहानपणी त्यांनी याच फिल्म गावातल्या थिएटरात पाहिल्या होत्या, काळ्यांसाठी वेगळा जिना असलेल्या वरच्या गॅलरीतून. त्या सांगायच्या, फरीना दिसला की गॅलरीत टाळ्या पडत. त्याच्यावर फालतू विनोद झाला की खालचा सगळा हॉल हसे आणि वर त्यांची आई मांडीवरच्या रुमालाकडे बघत बसे. दोन्ही गोष्टी त्या एकाच दमात सांगत, एक सांगून दुसरी लपवत नसत. टीव्हीवरच्या नव्या प्रती बघून त्यांनी मला विचारलं होतं, की त्या मुलाला कुठे नेऊन ठेवलं? मला ते तेव्हा नीट कळलं नाही. पुढे 'लिटल डॅडी' बघितल्यावर कळलं.

आणखी एक. १९२२ पासून या फिल्मांमध्ये काळी आणि गोरी मुलं एका बाकावर बसतात, एकत्र मार खातात, एकत्र आइस्क्रीम चाटतात. तेव्हा दक्षिणेकडच्या राज्यांत कायद्यानेच त्यांच्या शाळा वेगळ्या होत्या आणि सर्वोच्च न्यायालयाने तो भेद घटनाबाह्य ठरवला तो १९५४ मध्ये. म्हणजे एकाच फिल्ममध्ये एक पाऊल काळाच्या पुढे आणि दुसरं त्याच चिखलात. ही दोन्ही पावलं इराला दिसू देत. तिला समजतं. वर्गात कुणाला रंगावरून चिडवतात आणि कुणी डबा वाटून खात नाही, हे तिला तुझ्याआधी कळलेलं असणार.

१९९४ मध्ये कॅबिन फीव्हर कंपनीने यातल्या पुष्कळ फिल्म न कापता कॅसेटवर आणल्या, आणि अलीकडे क्लासिकफ्लिक्सने मूळ निगेटिव्हांवरून त्या इतक्या स्वच्छ केल्या की कपड्यांवरची ठिगळं मोजावीत. हे कुणा मोठ्या संस्थेने मनावर घेतलं म्हणून घडलं नाही. टीव्हीसमोर वाढलेल्या लोकांनी पिच्छा सोडला नाही, म्हणून घडलं. संगीताचंच बघ. लिरॉय शील्डने १९३० पासून केलेले ते तुकडे रास्कल्समध्ये वाजतात आणि लॉरेल-हार्डीतही. पण त्यांचे लिहिलेले कागद हाती लागत नव्हते आणि फिल्ममध्ये त्यांच्यावर संवाद चढलेले. पीट श्रॉडर्स या डच चाहत्याने वेगवेगळ्या फिल्ममधून, जिथे कुणी बोलत नाही तिथले तुकडे वेचून, एकेक चाल पुरी केली. मग ॲमस्टरडॅमच्या 'बो हंक्स' वाद्यवृंदाने ती कानाने उतरवून १९९० च्या दशकात पुन्हा वाजवली. इतकं प्रेम मी क्वचित पाहिलं आहे.

चाहत्यांचं एक बोलणं मात्र मला सहन होत नाही, ते म्हणजे या मुलांना लागलेल्या शापाचं. अल्फाल्फा झालेला कार्ल स्वित्झर १९५९ मध्ये पैशांवरून झालेल्या भांडणात गोळी लागून गेला, अवघ्या ३१ व्या वर्षी. त्यानंतर कोण कसं वारलं याच्या याद्या होऊ लागल्या. लहानपणी काम केलेली इतकी मुलं, सगळी काही म्हातारी होऊन सुखात जाणार नव्हती. खरं बोलायचं तर पैशाबद्दल बोलावं. रोज टीव्हीवर दिसणाऱ्या त्या मुलांना पुन्हा दाखवण्याचा मोबदला मिळत नव्हता. त्यांची ओळखही धड राहिली नाही. १९९० मध्ये एबीसीच्या एका कार्यक्रमाने 'हा बघा बकव्हीट' म्हणून भलत्याच माणसाची मुलाखत दाखवली. खरा बकव्हीट, म्हणजे बिली थॉमस, १९८० मध्येच वारला होता. स्पँकी झालेल्या जॉर्ज मॅकफार्लंडने लगेच आवाज उठवला. चाहत्यांना तर चेहरा बघताक्षणीच कळलं होतं.

आता इरासाठी. आधी १९३० ची 'टीचर्स पेट' लाव. जॅकीच्या लाडक्या बाईंचं लग्न झालंय आणि नव्या बाईंचं नाव क्रॅबट्री आहे, म्हणून त्या खाष्टच असणार असं पोरांनी ठरवून टाकलंय. मुंग्या, शिंकेची पूड, उंदीर, सगळी तयारी झालेली. शाळेच्या वाटेवर एक सुंदर बाई जॅकीला मोटारीत घेते आणि तो तिलाच सगळा बेत सांगून टाकतो. वर्गात ती टेबलाशी उभी दिसते तेव्हा जॅकी कूपरचा चेहरा बघ, सात-आठ वर्षांचा पोरगा आहे तो. बाई सगळ्यांसाठी केक आणि आइस्क्रीम आणतात. जॅकी लाजेने बाहेर पळतो आणि रडत बसतो. बाई त्याची बशी घेऊन बाहेर त्याच्याकडे जातात. तिथे चित्र थांबवू नकोस, काही समजावू नकोस.

मग १९३२ ची 'बर्थडे ब्लूज'. आईला वाढदिवसाला पोशाख घ्यायचाय म्हणून डिकी आणि स्पँकी केक करतात, आत वस्तू घालतात आणि तुकडे विकतात. तो केक फुगत जातो आणि विचित्र आवाज काढतो. त्या आवाजाला इरा काय करते ते मला लिही. त्यानंतर 'हाय नेबर', भंगारातून बंब बनवणारी, आणि मग 'लिटल डॅडी', दोघांनी एकत्र बसून.

'द किड फ्रॉम बोर्नियो' तेवढी मागे ठेव. त्यात मुलं सर्कशीतल्या 'जंगली माणसा'ला आपला काका समजतात आणि सगळा विनोद त्या माणसावर आहे. इरा दहा वर्षांची झाली की बघा, पण बघा. तिने 'असं का दाखवलं' विचारलं तर तू मला फोन लाव, मी तिला त्या खालच्या मजल्यावरच्या आजींबद्दल सांगेन. इथे रात्र असली तरी लाव.

संचाची दुसरी तबकडी अडकते म्हणाला होतास, ती बदलून घे, 'टीचर्स पेट' तिच्यातच असेल.

तुझी,
मावशी