गॅसकटर लावण्याआधी

जरीपटका, नागपूर
नवतपाचा तिसरा दिवस

चि. भाचीबाईस,


बाबांच्या कॉन्टेसाची तुझी चित्रं मिळाली. काळा मॅट रंग, फुगवलेले मडगार्ड, जमिनीला टेकलेली गाडी, बोनेटवर हवा ओढणारा खोका आणि आत टोयोटाचं सहा सिलिंडरचं इंजिन. तुझ्या दादाचाही फोन आला. त्याला गाडी उत्तरपाड्याच्या कारखान्यातून निघाली तशी हवी, पांढरीशुभ्र, शेवटच्या स्क्रूपर्यंत मूळची. तुझी आई म्हणते, भंगारवाल्याला द्या, गॅरेजात पापड वाळवता येतील. तिघांनी मिळून मला पंच केलंत. आयुष्यभर आयटीआयच्या पोरांना मोटर मेकॅनिक शिकवल्याचं हे बक्षीस समजतो.

पण तिघांपैकी एकानेही गाडीखाली वाकून पाहिलेलं नाही. ते काम मी मोमीनपुऱ्याच्या उस्तादला घेऊन उरकलं. म्हणून आधी काय दिसलं ते सांगतो, मत मागाहून.

इंजिन जाम नाही. प्लग काढून सिलिंडरमध्ये ऑइल सोडलं, रात्रभर मुरू दिलं आणि सकाळी पान्याने क्रँक फिरवला तर मुकाट फिरला. पेट्रोलच्या टाकीच्या तळाशी राळ साचली आहे, कार्बोरेटर आतून पांढरा पडला आहे, ब्रेकची रबरं फुगली आहेत आणि चारही टायर टाकाऊ आहेत. आपल्या उन्हाने डॅशबोर्ड या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकला आहे. पत्रा मात्र उत्तम. समुद्राकाठी हीच गाडी एवढी वर्षं उभी राहिली असती तर दारं हातात आली असती. इथल्या कोरड्या हवेने ती वाचवली. गंज आहे तो डिक्कीच्या तळाला आणि उजव्या दाराखालच्या पट्टीत.

त्या पट्टीवर उस्ताद बराच वेळ टिचक्या मारत बसला, ते उगाच नाही. जीपसारखी या गाडीला खाली वेगळी चेसिस नाही. फरशी, दाराखालच्या पट्ट्या, छताचे खांब, सगळा पत्रा मिळूनच तिचा सांगाडा होतो. मोठं इंजिन बसवायला पुढची भिंत कापली, गिअरबॉक्ससाठी मधला बोगदा रुंद केला, की तू गाडीचं हाडच कापलंस. तुझ्या चित्रात हे दिसत नाही.

आता या गाडीला 'भारताची मसल कार' म्हणतात त्याबद्दल. अमेरिकेत ज्या गाड्यांमुळे हे नाव रूढ झालं, त्यांत 1964 ची पाँटिअॅक जीटीओ अग्रणी. मध्यम आकाराच्या गाडीत 6.4 लिटरचं व्ही-8 इंजिन, ताकद तीनशे हॉर्सपॉवरच्या वर. आपल्या कॉन्टेसाचा साचा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरच्या 1972 साली तिकडे आलेल्या पिढीचा. हिंदुस्तान मोटर्सने तो आणला आणि 1984 पासून गाडी विकायला काढली, तेव्हा आत अँबॅसडरचंच 1489 सीसीचं इंजिन होतं, पन्नास हॉर्सपॉवरच्या आसपास. छाती पैलवानाची आणि दम आमच्या संस्कृतच्या मास्तरांचा! पुढे इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन आणि पाच गिअर आले तेव्हा कुठे तिला चालण्याचा डौल आला. तुझ्या बाबांची 1990 ची गाडी ही त्यातली. तरी ताकद नव्वदच्या आतच. 2002 मध्ये तिचं उत्पादन थांबलं, 2014 मध्ये उत्तरपाड्याचा कारखानाही बंद पडला.

तू वाचतेस ती सगळी सल्ल्याची पुस्तकं अमेरिकेची. तिथे या प्रश्नाला दोन्ही बाजूंनी उत्तर देता येतं, कारण तिथे मस्टँगचा किंवा 1969 च्या कॅमॅरोचा अख्खा नवा सांगाडा पत्र्यासकट विकत मिळतो. कुणी एक गाडी कापली तर दुसरी उभी करता येते. राखायची की बदलायची, हा तिथे हौसेचा आणि खिशाचा प्रश्न. आपल्याकडे कॉन्टेसाचं पुढचं मडगार्ड, मागची काच, दिव्यांभोवतीची क्रोमची चौकट यांतलं काहीही नवं मिळत नाही. दिल्लीच्या मायापुरीत किंवा मुंबईच्या कुर्ल्याच्या भंगारात नशिबाने सापडलं तर सापडलं. उलट इसुझूचं हेच 1.8 चं इंजिन पुढे अँबॅसडर 1800 आयएसझेडमध्ये बसवलं गेलं आणि त्या गाड्या देशभर धावल्या. त्यामुळे रिंगा, बेअरिंग, गॅस्केट अजून शोधली तर हाती लागतात. म्हणजे बघ, जे मिळतं ते तू फेकायला निघालीस आणि जे मिळत नाही ते कापायला. उस्तादने हेच एका ओळीत सांगितलं, "इसको काटो मत मामाजी, इसका कुछ मिलता नहीं."

दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम सांगतं, की आरसी बुकातली माहिती आणि कारखान्याने ठरवलेली मूळ वैशिष्ट्यं यांच्याशी न जुळणारा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीशिवाय केलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. रंग बदल, आरटीओत नोंद कर, काही अडत नाही. पण दुसऱ्या कंपनीचं, जवळपास दुप्पट ताकदीचं इंजिन? तुझ्या बाबांच्या आरसीची मुदत संपली आहे. नूतनीकरणाला गाडी निरीक्षकापुढे उभी करावी लागेल आणि तो आधी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर पाहील. अमेरिकेत मूळ नंबरांचं इंजिन असेल तर हौशी माणूस जास्त पैसे मोजतो. इथे ते नसेल तर गाडी रस्त्यावरच येत नाही. आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न त्या इंजिनाचाच विचारेल.

विजेवर चालवण्याचीही कल्पना तू शेवटी टाकली आहेस. त्याला कायद्यात वाट आहे, पण बसवायच्या किटला एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेची एआयएस 123 या मानकाप्रमाणे मंजुरी लागते, तीही त्या जातीच्या गाडीसाठी. एआरएआय तुझ्या पुण्यातच आहे, विचारून ये. मूठभर उरलेल्या कॉन्टेसांसाठी कोण कंपनी चाचण्यांचा खर्च करेल, याचा अंदाज तुला माझ्यापेक्षा चांगला येईल.

आता दादा खूश झाला असेल. त्यालाही हे पत्र वाचायला दे.

त्याला 'मूळची' गाडी हवी. मूळची म्हणजे कोणत्या दिवसाची? तुझे बाबा कोळशाच्या वाहतुकीच्या धंद्यातले. उमरेड, चंद्रपूर, वणी अशी त्यांची फिरती असायची, तीही भर मे महिन्यात. पंचेचाळीस डिग्रीत कार्बोरेटरच्या गाडीचं पेट्रोल पाइपातच उकळून वाफ होतं आणि गाडी रस्त्यात बसते. मग पंपावर ओलं फडकं टाकून झाडाखाली उभं राहायचं. ते टाळायला भाऊजींनी रेडिएटरपुढे विजेचा जादा पंखा बसवला, त्याचं बटण डॅशखाली आहे. पेट्रोलचा पाइप इंजिनापासून लांबून फिरवला. पांढरी गाडी मरून केली, कारण कोळशाच्या धुळीत पांढरी गाडी दुपारपर्यंतही पांढरी राहत नसे. हे सगळं काढून शोरूमची गाडी उभी करायची म्हटलं, तर ज्या बदलांमुळे ती या मुलखात चालली तेच पुसले जातील. शिवाय सीटचं मूळ कापड कसलं होतं, दाराच्या आतला पुठ्ठा कोणत्या रंगाचा, हे आता कुणालाच आठवत नाही. जुन्या वास्तूंसाठी 1964 मध्ये व्हेनिसची सनद झाली, तिच्यात एक शहाणपण आहे: जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबवावा. जुन्या गाड्यांची जागतिक संघटना फिव्हा हिनेही आपली ट्यूरिनची सनद याच विचारावर बेतली.

आणि दादाने कितीही ठरवलं तरी गाडी शंभर टक्के मूळची ठेवता येणारच नाही. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते आपल्याच नागपूरचे खासदार, त्यामुळे तक्रार करायची तर घरच्याकडेच. 1990 च्या रबरी नळ्या आणि सील त्या पेट्रोलला टिकत नाहीत, मऊ पडतात, चिरतात. पाणी धरलं की टाकीला आतून गंजही चढतो. नळ्या, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची सीलं इथेनॉल सोसणारीच घालावी लागतील. मूळची घातली तर एखाद्या दिवशी गरम इंजिनावर पेट्रोल गळेल.

म्हणून माझा निवाडा दोघांच्याही विरुद्ध आहे. राखायची की बदलायची, हे आज ठरवायचंच नाही. आज फक्त एवढंच करायचं, की उद्या कुणालाही दोन्हींपैकी काहीही ठरवता यावं. कसोटी सोपी आहे: पान्याने बसतं आणि पान्यानेच निघतं ते खुशाल बदला. ज्याला गॅसकटर लागतो त्याला हात लावू नका.

त्या हिशेबाने कामं अशी लागतात. आधी ब्रेक, मग इंजिन. थांबत नाही ती गाडी चालू करण्यात शहाणपण नाही. ब्रेकच्या नळ्या, सिलिंडरची रबरं, टाकीची सफाई, पेट्रोलच्या नळ्या, पाण्याचे होज. इंजिन खोलायचं नाही, आधी कॉम्प्रेशन मोजायचं. मग दाराखालची पट्टी, सडलेला तेवढाच पत्रा काढून तेवढाच नवा जोडायचा, वरून लांबी थापून झाकायचं नाही. एवढ्यात आरसीचं काम होईल. त्यानंतर तुझी हौस: चांगले रेडिअल टायर, दिव्यांना रिले आणि नीट वायरिंग, मागेसुद्धा सीटबेल्ट, एसीचा नवा कॉम्प्रेसर. काढलेला प्रत्येक जुना भाग चिठ्ठी लावून पेटीत. रंग सगळ्यात शेवटी, आणि मरून. स्प्रिंगा कापून गाडी खाली घ्यायचं मात्र डोक्यातून काढ बाप्पा, जरीपटक्याच्या गल्ल्यांतले गतिरोधक तुला दारातून बाहेर पडू देणार नाहीत.

एक तारीख लक्षात ठेव. जुलै 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी असेल, तर तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी मिळते. आपली गाडी 2040 मध्ये तिथे पोहोचते. तेव्हा तू आजच्या माझ्यापेक्षा बरीच तरुण असशील. आज कापलीस तर ते दार कायमचं बंद होतं. न कापता ठेवलीस आणि तेव्हाही तुला काळा मॅट रंगच हवासा वाटला, तर मी असेन तिथून परवानगी दिली समज.

तुझ्या आईला मी सांगितलं आहे, पापड गच्चीवरच वाळतील.

तेव्हा गाडी कापायला पुण्याच्या गॅरेजला दिलेली आगाऊ रक्कम परत माग, देत नसतील तर तेवढ्या रकमेचे टायर माग. दादाला सांग, मायापुरीतून उजवा मागचा दिवा आणि दोन क्रोमच्या पट्ट्या शोधायचं काम त्याचं. ब्रेकचं सामान तू आण, यादी उस्ताद पाठवेल. दिवाळीत दोघं या. ऑटोमोटिव्ह चौकातून कामठी रोडच्या डबल डेकर पुलावर चढायचं आणि एलआयसी चौकात उतरायचं, 5.67 किलोमीटर, वाटेत कुठेही सिग्नल नाही. जाताना तू चालव, येताना दादा. ब्रेक कसे लागतात हे मी मागच्या सीटवर बसून पाहीन, आणि मगच पुढच्या खर्चाची गोष्ट.

तुझा,
मामा