‘शांत आहे’

“मॅडम, वीस मिनिटं नुसतं बघत उभं राहायचं? तेवढ्यात माझी तीन बाळांची फीड होतात.”

तिचं चुकत नव्हतं. जिल्हा रुग्णालयातल्या त्या नवजात कक्षात त्या दिवशी पंधरा बाळं होती आणि ड्युटीवर सिस्टर तिघी. रिकाम्या हातांनी उभी दिसेल ती सिस्टर कामचुकार, हे आमच्या अंगात पहिल्या वर्षापासून मुरलेलं. मीही तीस वर्षं तशीच धावले. आता निवृत्तीनंतर शिकवायला जाते, तेव्हा पहिला धडा असतो हात पाठीमागे बांधून उभं राहण्याचा.

तिला मी सात नंबरच्या बाळापाशी उभं केलं. तिसाव्या आठवड्यात जन्मलेली मुलगी, वजन बाराशे ग्रॅम, दिवस नववा. बाहेर व्हरांड्यात तिची आजी भेटेल त्याला सांगत होती, सातव्या महिन्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही. शास्त्राला हे मान्य नाही, पण आजीला त्या घडीला तेवढाच आधार होता.

सिस्टरच्या हातात तक्ता दिला. दर दोन मिनिटांना एक रकाना. रंग, श्वास, हात, पाय, चेहरा, डोळे; काम सुरू होण्याआधी, चालू असताना आणि उरकल्यावर. बॉस्टनमधल्या मानसशास्त्रज्ञ हायडेलिझ आल्स यांनी १९८०च्या दशकात अशा निरीक्षणाची एक पद्धत बसवली. अपुऱ्या दिवसांचं बाळही अंगानं बोलत असतं, ‘आता पुरे’ किंवा ‘आता चालेल’, हे त्यांचं मुख्य सांगणं. त्यांचं रीतसर प्रशिक्षण खूप लांबलचक असतं आणि त्या पद्धतीच्या फायद्यांबद्दल पुढच्या अभ्यासांचं एकमत झालेलं नाही. मी तिचं अगदी सोपं रूप वापरते. त्यासाठी लागतो एक कागद, एक पेन आणि वीस मिनिटं.

पहिल्या तीन रकान्यांत मुलगी झोपलेली होती, मूठ गालाशी. मग दुसऱ्या सिस्टरनं नेहमीची कामं सुरू केली. तापमान, लंगोट, साखर बघायला टाचेला टोचणं, मग नळीतून दूध. सगळं एका दमात. पुढचे रकाने भरत गेले : बोटं पंख्यासारखी फाकली. पाय ताठ, हवेत. दोन जांभया. उचकी. कातडीवर जाळीसारखे निळसर डाग. ऑक्सिजन ९४वरून ८६. त्यानंतर हात दोन्ही बाजूंना सैल पडले, डोळे उघडे, नजर कुठेच नाही. रडणं नाही.

शेवटच्या रकान्यात सिस्टरनं लिहिलं, “शांत आहे.” आणि कौतुकानं म्हणाली, “ही फार शहाणी आहे, मॅडम. कधीच रडत नाही.”

मी तिला तोच कागद पहिल्यापासून मोठ्यानं वाचायला सांगितलं. बोटांपर्यंत ती भरभर वाचत आली. उचकीला आवाज उतरला. ‘शांत आहे’ तिनं वाचलंच नाही. कागद खाली घेऊन म्हणाली, “ही दमलीये.”

झोपलेलं बाळ शांत असतं आणि प्रतिकार करून थकलेलं बाळही शांत दिसतं. रजिस्टरमध्ये दोघांसाठी आम्ही एकच शब्द वापरतो. म्हणून माझ्या वर्गात त्या शब्दाला बंदी आहे. हात कुठे आहेत ते लिहा, रंग लिहा, डोळे लिहा. ‘शांत’ लिहू नका.

या बंदीमागे माझंच एक पान आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली नाइट. एक बाळ आदल्या दिवसापर्यंत हात लावला की तोंड वाकडं करायचं, पाय झाडायचं. त्या रात्री सुई बदलली तरी हललं नाही. मला बरं वाटलं, काम लवकर झालं. “शांत आहे, फीड घेतलं,” असं लिहून मी पुढच्या बाळाकडे गेले. पहाटे त्याचा श्वास थांबू लागला. जंतुसंसर्ग होता. इतक्या लहान बाळांत ताप येईलच असं नसतं. ते मलूल पडणं हीच पुष्कळदा पहिली खूण असते. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, डोळ्यांनी ओळखलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा मामा दाराशी येऊन म्हणाला, “सिस्टर, शांत झालं का हो?” मला आधी कळेचना, तो काय विचारतोय. आधी ओळखलं असतं तर वाचलं असतं का, हे आजही सांगता येत नाही. पण तो शब्द लिहिताना पुढे प्रत्येक वेळी माझा हात अडखळला.

आम्ही शिकलो तेव्हा एवढ्याशा बाळांना दुखणं कळत नाही, असं मोठी मंडळी बिनदिक्कत सांगायची. खरं तर १९८७मध्येच ऑक्सफर्डमध्ये काम करणाऱ्या भारतीय वंशाच्या डॉ. के. जे. एस. आनंद यांनी सहकाऱ्यांसह दाखवलं होतं, की अपुऱ्या दिवसांच्या बाळांना शस्त्रक्रियेत वेदनाशामक औषध दिलं तर शरीरावरचा ताण कमी होतो. ते आमच्या वॉर्डापर्यंत यायला वर्षं गेली. पुढे कॅनडातल्या परिचारिका-संशोधक बॉनी स्टीव्हन्स यांनी सहकाऱ्यांसह १९९६मध्ये वेदना मोजण्याचा एक तक्ता मांडला. त्यात बाळ जितक्या कमी आठवड्यांचं, तितके गुण आधीच जास्त. गाढ झोपेत असेल तर आणखी. कारण इतक्या लहान जिवाकडे तोंड वाकडं करायलाही बळ कमी असतं. हा हिशेब फळ्यावर मांडला की वर्गात कुजबुज थांबते.

दुपारी आम्ही सात नंबरची कामं पुन्हा केली, वेगळ्या तऱ्हेनं. ‘सगळं एकदम उरका म्हणजे बाळाला सलग झोप मिळेल,’ हे मीच वर्षानुवर्षं शिकवलेलं. थोड्या मोठ्या बाळाला ते चालतंही. हिला झेपत नव्हतं. सिस्टरनं आधी हात चोळून गरम केले. एक तळवा डोक्यावर, एक पावलांवर, न थोपटता, न कुरवाळता, नुसता ठेवलेला. लंगोट कुशीवर ठेवूनच बदलला. बोटं फाकली की थांबायचं, मूठ वळली की पुढे जायचं. दुपट्याची वळकटी पायांशी लावली तर तिनं पावलं त्यावर टेकवली आणि तशीच राहिली. सकाळी सात मिनिटांत झालेल्या कामाला सतरा मिनिटं लागली. इन्चार्ज सिस्टर घड्याळाकडे बघत होत्या. एवढा वेळ रोज, प्रत्येक बाळाला कुठून आणायचा, याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. मी तसं सांगितलंही.

थोडंसं उत्तर संध्याकाळी बाळाच्या आईकडून आलं. ती कांगारू पद्धतीनं खुर्चीत बसली होती, मुलगी त्वचेला त्वचा लागेल अशी छातीशी. मी सहज विचारलं, “दमली की काय करते ही?” ती म्हणाली, “डावी करंगळी सुटी होते बघा आधी. मग मी बोलायची थांबते.” करंगळी आमच्या कुणाच्याच तक्त्यात नव्हती. सिस्टरनं पेन काढून लिहून घेतली.

चार महिन्यांनी पुन्हा त्या कक्षात गेले. सात नंबरची मुलगी केव्हाच घरी गेली होती. गर्दी तेवढीच, सिस्टर तेवढ्याच. रजिस्टर चाळलं. बहुतेक पानांवर ‘शांत’ होतंच. पण मधूनमधून त्या सिस्टरच्या तिरप्या अक्षरातल्या ओळी सापडत होत्या. त्यातली एक मी उतरवून आणली :

“रात्री २.१०. नळीतून दूध देताना जांभया दोन, उजवा हात पसरला. थांबले. चार मिनिटांनी मूठ तोंडाशी. उरलेलं दूध दिलं.”