गीझरची नळी कुठे जाते?

मैत्रिणींनो, तुमच्या न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल, तर त्याच्या डोक्यावरची नळी कुठे जाते हे कधी पाहिलंय का? मीही पाहिलं नव्हतं.

माझं माहेर अंबरनाथचं. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. क्वार्टरच्या मागच्या अंगणात तांब्याचा बंब असे, त्याचं नळकांडं आभाळाकडे तोंड करून. धूर झाला की आई ओरडायची, "ढलप्या ओल्या आहेत गं!" बंबाचं काही बिनसलं, की डोळ्यांना लगेच कळायचं.

लग्नानंतर बदलापूरला आले. इथली थंडी मुंबईच्या मानाने जरा जास्तच. विजेचं बिल नको म्हणून आमच्या ह्यांनी उल्हासनगरच्या एका दुकानातून गॅसचा गीझर आणला. बसवायला आलेल्या मुलाने खिडकीची एक काचपट्टी काढून नळी पलीकडच्या ड्राय बाल्कनीत सोडली. वाटेत तुळई आली, म्हणून दोन वळणं देऊन तिचं तोंड खाली वाकवलं. "बाहेर गेली ना, वहिनी?" गेली होती खरी. पण पुढे कबुतरांना कंटाळून त्या बाल्कनीला मीच स्लायडिंगच्या काचा लावून घेतल्या. आता 'बाहेर' उरलंच नाही, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

डिसेंबरात एका रविवारी धाकटी केस धुवायला गेली. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. मग कडी वाजली आणि ती उंबऱ्यातच कोसळली. हातपाय ताठ, तोंडाने शब्द नाही. हॉलमध्ये आणून वाऱ्यावर ठेवली, तशी दहा मिनिटांत बोलायला लागली. डॉक्टरांना फिट वाटली; मेंदूचा आलेख काढायला सांगितला. तो निघाला अगदी स्वच्छ! मुलीच्या जातीला फिट म्हटल्यावर घरात काय वातावरण होतं, ते तुम्हांला सांगायला नको.

आठ-दहा दिवसांनी सासूबाई आंघोळ करून आल्या त्या डोकं धरूनच. "मळमळतंय," म्हणाल्या. मी त्यांचं लुगडं वाळत घालायला बाल्कनीत गेले, तर काचांवरून आतल्या बाजूने पाणी ओघळत होतं. कपडे तर दोन-दोन दिवस वाळतच नव्हते. ही वाफ कुठली? वर पाहिलं, तर नळीचं तोंड माझ्याकडेच!

गॅस जळला की त्याची वाफ होते आणि कार्बन डायऑक्साइड होतो. पण ताजी हवा कमी पडली, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. सिलिंडर गळला तर जो वास येतो, तो मुद्दाम मिसळलेला असतो. ह्या विषाला तो नसतो. रक्तात प्राणवायूची जागा हे विष दोनशे पटींहून अधिक जोराने बळकावतं. 2023 च्या होळीला घाटकोपरला एक जोडपं न्हाणीघरात मृत सापडलं, तेव्हाही पहिला संशय गॅस गीझरवरच गेला होता. ती बातमी मी चहा पिता पिता वाचली होती. डॉक्टरांना पुन्हा जाऊन सगळं सांगितलं, तर म्हणाले, "अहो, ह्याला गॅस गीझर सिंड्रोम असं नावच आहे. पुष्कळदा फिट समजूनच औषधं चालू होतात."

दुकानातला मुलगा म्हणाला, "वहिनी, धूर दिसतोय का? सगळीकडे असंच बसवतात." त्याच्याशी वाद घातला नाही. अंबरनाथच्या भावाच्या ओळखीचे एक म्हातारे मेकॅनिक आले. त्यांनी गीझर न्हाणीघरातून काढून बाल्कनीच्या भिंतीवर लावला. आत येतो तो फक्त गरम पाण्याचा पाइप. नळी सरळ वर नेऊन कठड्याबाहेर काढली, तोंडावर टोपी बसवली. "वर चढती हवी बाई, गरम हवा खाली कशी उतरेल?" म्हणाले. आणि स्लायडिंग काढायला लावलं. काचांना मोजलेले पैसे आठवून ह्यांचा चेहरा पडला, पण बोलले नाहीत.

धाकटीचं डोकं आता दुखत नाही. कबुतरं मात्र परत आली आहेत, आणि पावसाची झड आली की सासूबाई बाल्कनीतली बादली आत घेताना मलाच बोलतात.