वत्सगुल्मांतील वैशाख

उन्हाळ्याची सुटी आली, कीं आपल्याकडील मंडळी थंड हवेच्या ठिकाणांची चौकशी करूं लागतात. ज्यांस तें परवडतें त्यांनीं अवश्य जावें. त्यांत निंदा करण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु जेथें ऊन अधिक तेथेंच भर वैशाखांत मुद्दाम जावें, असें यंदा आम्हां उभयतांच्या मनानें घेतलें, आणि चैत्र वद्यापासून मृगापर्यंतचे सुमारे दोन महिने आम्हीं वाशिम जिल्ह्यांत घालविले. कांहीं देवदर्शन, कांहीं भटकंती व कांहीं पाण्याची सेवा, असा तो तिहेरी उद्योग होता. परत आल्यापासून स्नेहीजन 'उन्हाळाभर होतां तरी कोठें?' म्हणून विचारीत आहेत. त्या सर्वांस एकदांच उत्तर द्यावें म्हणून हा लेखनप्रपंच.

अकोल्याहून पूर्णेकडे जाणारी आगगाडी सुमारे ८० किलोमीटरांवर वाशिमास पोंचते. हा लोहमार्ग पूर्वी मीटरगेज होता. २००८ सालीं तो रुंद झाला. अकोल्याकडील काळें सपाट रान मागें पडून गाडी पठार चढूं लागली, म्हणजे या मुलुखाचें खरें रूप ध्यानांत येतें. भूगोल शिकविणाऱ्या कोणाहि मास्तरास मोह पडावा असें तें आहे. काटेपूर्णा याच जिल्ह्यांत उगम पावून उत्तरेस पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि तापी पश्चिमसमुद्राला. दक्षिणेकडील पैनगंगा मात्र वर्धा, प्राणहिता व गोदावरी यांच्या संगतीनें पूर्वसमुद्र गांठते. एकाच माळावर पडलेल्या पावसाचे दोन थेंब असे दोन दिशांस निघून जातात. माळावर राहत कोणीच नाहीं! पाऊस कमी आहे म्हणावें, तर वर्षास सरासरी ७५० मिलिमीटरांहून अधिक पडतो. परंतु तो बहुतेक सारा चार महिन्यांत, आणि खालीं अग्निजन्य काळा पाषाण. त्यांत पाणी मुरतें तें भेगांतून व मुरमाच्या थरांतून तेवढें. म्हणून श्रावणांत दुथडी वाहणारे ओढे चैत्रांत कोरडे पडतात, आणि विहिरींचे तळ दिसूं लागतात.

वाशिम हें 'वत्सगुल्म' या संस्कृत नांवाचेंच बदललेलें रूप. इंग्रजी अमदानींत वाशिम जिल्ह्याचें ठाणें होतें. १९०५ सालीं तो जिल्हा अकोल्यांत विलीन झाला, आणि १ जुलै १९९८ रोजीं पुन्हां वेगळा झाला. परंतु याहून जुना मान मोठा आहे. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. तिचा मूळपुरुष सर्वसेन हा राजा असून कवि होता; त्याचें 'हरिविजय' हें प्राकृत काव्य आज लुप्त आहे, साहित्यशास्त्रकारांच्या उल्लेखांतून तेवढें उरलें आहे. याच घराण्यांतील हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानें अजिंठ्याचें १६ वें लेणें कोरविलें. राजशेखरानें तर 'काव्यमीमांसें'त काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह याच वत्सगुल्मांत लाविला आहे. त्या कथेंत वधू वराच्या मागोमाग देशोदेशीं फिरते, आणि विदर्भांत आल्यावर कोठें तो तिला वश होतो. ही कथा आम्हीं सांगितली, तेव्हां सौभाग्यवती म्हणाल्या, 'म्हणजे पुरुषास वळणावर आणण्यास सबंध भारतवर्ष पालथें घालावें लागतें, हें राजशेखरासहि ठाऊक होतें!'

१९३९ सालीं वाशिमांत वाकाटक नृपति द्वितीय विंध्यशक्ति याचा ताम्रपट उजेडांत आला. कांहीं भाग संस्कृत व कांहीं प्राकृत असा तो लेख आहे. राज्याच्या ३७ व्या वर्षीं अथर्ववेदी ब्राह्मणांस एक गांव दान दिल्याचें त्यांत नमूद आहे. तें वाचून पूर्वजांचा अभिमान वाटणें स्वाभाविक होय. परंतु त्या दिवशीं आमच्या मनांत निराळाच प्रश्न घोळत राहिला. दान कोणास दिलें हें तांब्यावर कोरलेलें आहे. ज्यांच्या श्रमावर त्या गांवचें धान्य पिकत होतें, त्यांच्या पाण्याची सोय काय होती, हें कोठें कोरलेलें असणार? सोळाशें वर्षें ज्यांच्या पदरीं दान पडलें, त्यांनीं कोणतें दान परत केलें, याचा ताळा केव्हां तरी मांडावयास नको काय?

बालाजीचें दर्शन घेतलें. हें मंदिर अठराव्या शतकांत साबाजी भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनीं बांधविलें. पुढें पद्मतीर्थ पाहिलें. वाशिमच्या माहात्म्यांत तीर्थांची संख्या १०८ सांगतात. ज्या गांवास उन्हाळा एवढा कठीण, त्या गांवानें प्रत्येक पाणवठ्यास देव मानावें यांत नवल नाहीं.

अक्षय्य तृतीयेस आपल्या घरीं उदकुंभदान होतें. सौभाग्यवतींनीं यंदा सुचविलें, कीं एका ब्राह्मणास एक कुंभ देण्यापेक्षां एक महिना पाणपोईच चालवावी. एका दुकानदार गृहस्थांनीं रस्त्याकांठची आपली ओसरी दिली. बारा माठ, त्यांस तोट्या, वाळ्याच्या जुड्या व स्टीलचे पेले एवढीच सामग्री. 'प्रपा' या संस्कृत शब्दाची पोई झाली, आणि तिच्या पुढें पाणी लागलें. हालाच्या 'गाथासप्तशतीं'त पाणपोईची एक सुंदर गाथा आहे. वाटसरू बोटें विरळ करून ओंजळींतून हळूहळू पितो, आणि पाणी घालणारी युवती धार अधिकाधिक बारीक करते. दोघांसहि तो क्षण संपावासा वाटत नाहीं. ओंजळीनें पाणी पिण्याचें हें एक गोड रूप.

दुसरें रूप आम्हांस तिसऱ्याच दिवशीं दिसलें. ऐंशीच्या घरांतील एक वृद्ध नातवासह आले. नातू सरळ पेला घेऊन माठाशीं गेला. आजोबा पायरीखालीं उकिडवे बसून ओंजळ पुढें करून राहिले. सौभाग्यवती पेला भरून खालीं उतरल्या व म्हणाल्या, 'बाबा, वर सांवलींत या, हा पेला घ्या.' ते म्हणाले, 'राहू द्या माय, सवय हाय.' कोणीहि त्यांस अडविलें नव्हतें. अडविणारे कदाचित् केव्हांच मरूनहि गेले असतील. ओंजळ मात्र तशीच राहिली होती. शेवटीं नातवानें त्यांस हात धरून वर आणलें. ते पेल्यानें पाणी प्याले, पेला विसळून जागेवर ठेवला, आणि बराच वेळ सांवलींत बसले.

मध्यंतरी कारंजास जाऊन आलों. हें नृसिंह सरस्वतींचें जन्मस्थान. चौदाव्या शतकांत माधव व अंबा या दांपत्याच्या पोटीं त्यांचा जन्म झाला, अशी परंपरा आहे. गुरुमंदिरांत पहांटेची शांतता मनांत भरून राहते. त्याच गांवीं जैन मंदिरांतून हस्तलिखितांचे मोठे संग्रह पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले गेले. १९२६ सालच्या रायबहादुर हिरालाल यांच्या सूचीमुळें त्यांतील अपभ्रंश ग्रंथांकडे विद्वानांचें लक्ष गेलें, आणि १९३१ सालीं पुष्पदंताचें 'जसहरचरिउ' डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनीं संपादून कारंजाच्या ग्रंथमालेंत प्रसिद्ध केलें. जैन लोक आहार, औषध, शास्त्र व अभय अशीं चार दानें मानतात. शास्त्रदान म्हणून गृहस्थांनीं ग्रंथांच्या प्रती करवून ठेवल्या, म्हणूनच ते आज आपणांस वाचावयास मिळतात. मानोरा तालुक्यांतील पोहरादेवीसहि गेलों. बंजारा समाजाचें हें मोठें तीर्थ. येथें संत सेवालाल महाराजांची समाधि आहे, व २०२४ सालीं त्या समाजाच्या वारशाचें संग्रहालय उघडलें आहे. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून भारतभर फिरणाऱ्या या लोकांइतकें पाणवठ्याचें मोल कोणास कळलें असेल?

पाण्याचें मोल कळणें निराळें, आणि तें सर्वांस सारखें मिळणें निराळें. २० मार्च १९२७ रोजीं महाडास चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनीं सत्याग्रह केला. १९५० पासून संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदानें सार्वजनिक विहिरी व तळीं सर्वांस मोकळीं केलीं. तरी २०१६ च्या उन्हाळ्यांत याच जिल्ह्याच्या मालेगांव तालुक्यांत एका मजुराच्या पत्नीस विहिरीवर पाणी भरूं दिलें नाहीं. त्यानें भांडण केलें नाहीं. मजुरी आटोपून रोज कांहीं तास तो एकटाच खणीत राहिला. पाणी लागेल असें सांगणारा कोणी नव्हता, हसणारे मात्र होते. सुमारे ४० दिवसांनीं पाणी लागलें, आणि वस्तींतील इतरांसहि तें मिळालें. वर्तमानपत्रवाले आले, तेव्हां गांवांत तेढ नको म्हणून त्यानें त्या विहीरमालकाचें नांवहि सांगितलें नाहीं. दांपत्यधर्मावर पुष्कळ व्याख्यानें आम्हीं ऐकलीं आहेत. त्यांतील एकहि या चाळीस दिवसांच्या तोडीचें नाहीं.

त्याच वर्षीं आमीर खान व किरण राव यांनीं पानी फाउंडेशन स्थापून गांवागांवांत श्रमदानाची स्पर्धा सुरू केली. पहिल्या सालीं तीन तालुके होते, २०१७ सालीं ३०, व २०१८ सालीं ७५ झाले. २०१९ नंतर ती स्पर्धा थांबली, तरी पाणी अडविण्याचें शिक्षण कित्येक गांवांत मागें राहिलें. कारंजा तालुक्यांतील अशाच एका खेड्यांतील तरुणांनीं आम्हांस बोलाविलें. सकाळीं सहा ते नऊ माळावर चर खणावयाचे. आमच्यानें कुदळ फार चालेना, म्हणून आम्हीं घमेलीं उचललीं व मुलांस हिशेब शिकविला: दहा फूट लांब, दोन फूट रुंद, एक फूट खोल चर म्हणजे २० घनफूट, अर्थात् एका भरणींत सुमारे ५६६ लिटर पाणी. असे शंभर चर दहा वेळां भरले, तर किती? मुलें उत्तर काढून स्वतःच थक्क झालीं.

आठवड्यानें खरा प्रश्न उभा राहिला. माळास दोन उतार होते. एका उताराखालीं मोठ्या बागायतदारांच्या विहिरी, दुसऱ्याखालीं मजुरांच्या वस्तीची हापशी. चर आधीं कोणत्या बाजूस खणावे? वाद वाढला. कोणी म्हणाले, 'गुरुजी, तुमीच सांगा.' आम्ही विचारांत पडलों, कारण पाहुण्यानें गांवच्या कज्जांत पडूं नये, असा शिष्टाचार आहे. सौभाग्यवतींनीं विचारलें, 'सर्वांत लांबून घागर कोणाच्या घरीं येते?' उत्तर सर्वांस ठाऊक होतें. दुसऱ्या दिवशीं निम्मीच मंडळी माळावर आली, आणि हापशीच्या बाजूचें काम सुरू झालें. पांचव्या दिवशीं गेलेल्यांपैकीं बरेच परत आले. कांहीं आले नाहींत.

यावरून आमच्या मनानें एवढेंच घेतलें, कीं पाण्याचें दान घामानें मोजूं नये. तें पाणी कोणाच्या घागरींत पडतें यावरून मोजावें. वाचकांपैकीं ज्यांस पुढील उन्हाळ्यांत यात्रेस जावयाचें असेल, त्यांनीं देवदर्शनाबरोबर आठ दिवस अशा एखाद्या गांवास द्यावे, आणि तेथें गेल्यावर पहिला प्रश्न तोच विचारावा.

मृगाच्या दुसऱ्या पावसानंतर त्या गांवच्या एका विद्यार्थ्याचा निरोप आला: चर भरले, आणि चार फुटले ते बुजविले. सोबत लिटरांचा हिशेब होता, व तो बरोबर होता. हापशीचें पाणी टिकलें कीं नाहीं, हें चैत्रांतच कळेल. तेव्हां आम्ही उभयतां जाऊन तें पाहणार आहोंत.