मांडवीचा पूल खालून बघा!

गोव्याला जाताना मांडवीचा पूल कुणीच बघत नाही. रात्रभर स्लीपर कोचमध्ये अंग आंबवून घेतल्यावर पर्वरीचा उतार लागतो, खाली कॅसिनोच्या बोटी दिसतात, फटाफट फोटो निघतात आणि पूल संपतोसुद्धा. पुढचा प्रश्न फक्त एवढाच, की आधी चेक-इन की आधी ब्रेकफास्ट? मीही आजवर तेच करत आलोय. पण गेल्या ट्रिपला ठरवलं, बीच दुपारी. सकाळ पुलाची.

त्यासाठी पुलावर नाही, पुलाच्या खाली जायचं. पणजीच्या धक्क्यावरून पलीकडच्या बेतीला फेरीबोट जाते. काही मिनिटांचाच प्रवास. पण नदीच्या पातळीवरून बघितलं की पुलांचं खरं रूप दिसतं. दोन बुटके, एकमेकांना समांतर, आणि त्यांच्या डोक्यावरून जाणारा केबल्सचा देखणा अटल सेतू. जो पूल आता तिथे नाही, त्याची गोष्ट मात्र या तिघांपेक्षाही भारी आहे.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा पणजीजवळ मांडवीवर पूलच नव्हता. उत्तरेकडून येणारी गाडी असो नाहीतर माणूस, शेवटचा टप्पा फेरीबोटीचा. १९७० च्या सुमारास पहिला पूल झाला, नाव नेहरू पूल. मुंबई-गोवा हायवे थेट राजधानीत पोचला. फेरीची आता कशाला गरज, असं तेव्हा कितीतरी जणांना वाटलं असेल.

मग ५ जुलै १९८६ उजाडला. ऐन पावसाळ्यात हा पूल कोसळला. वय जेमतेम पंधरा-सोळा वर्षं!

कारण होतं पुलाच्या पोटात. प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटमध्ये पोलादी केबल्स ताणून बसवलेल्या असतात. त्या ताणामुळेच काँक्रीट भार पेलतं. पण खाऱ्या हवेचं आणि पाण्याचं पोलादाशी जुनं वैर. ओल केबलपर्यंत पोचली की गंज आतल्या आत आपलं काम करत राहतो. वरून डांबर गुळगुळीत, कठडे रंगवलेले, सगळं झकास. आणि एक दिवस केबल हात टेकते.

सगळा भार पुन्हा फेरीबोटींवर आला. बेतीहून परतताना माझ्या शेजारी एक काका उभे होते, पणजीत नोकरी करून रिटायर झालेले. म्हणाले, “त्या दिवसांत ऑफिसला उशीर झाला तर साहेब कारणच विचारायचा नाही. कारण साहेबही फेरीच्या रांगेतच असायचा!”

नवा पूल १९९२ मध्ये सुरू झाला, पुढे त्याला जोडीदार मिळाला. ट्रॅफिक वाढत गेलं, दोन्ही पूल अपुरे पडले आणि २७ जानेवारी २०१९ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं. जोडरस्ते धरून लांबी सुमारे ५.१ किलोमीटर. तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर गंभीर आजारी असूनही समारंभाला हजर होते. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच ते गेले.

आता खरी गंमत. याच पुलांच्या पायथ्याशी, पाटोपासून रायबंदरकडे जाणारा एक जुना रस्ता आहे, पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारेसच्या काळात, १६३३-३४ च्या सुमारास बांधलेला. पाणथळ जागेतून आणि मिठागरांच्या कडेने जाणारा सुमारे तीन किलोमीटरचा हा दगडी बांध-पूल आजही वापरात आहे. त्याच्या पोटात गंजायला पोलादच नाही! म्हणून काही आपण दगडी पुलांकडे परत जाणार नाही. लांब, उंच पूल हवा तर पोलाद हवंच. आणि पोलाद हवं तर त्याच्यावर सतत लक्ष ठेवणारा माणूसही हवा. उद्घाटनाला गर्दी होते, तपासणीला होत नाही.

हा प्रश्न एकट्या गोव्याचा नाही. याच हायवेवर महाडला सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला, आणि त्याच्यासोबत प्रवाशांसह दोन एसटी बसही. त्या बसमधल्या लोकांनीही पूल आहे हे गृहीतच धरलं होतं. आपणही धरतो, रोज ऑफिसला जाताना, वाशीच्या खाडीवरसुद्धा.

तेव्हा पुढच्या गोवा ट्रिपमध्ये अर्धा तास काढा. फेरीत चढा, कठड्याला टेका आणि मान वर करून पुलाचं पोट बघा. कुठे काँक्रीट फुगलंय, कुठे तपकिरी ओघळ उतरलेत, हे ओळखायला इंजिनिअरच असायला हवं असं नाही.