तुपाचा हिशेब

आमच्या घरात तुपाबद्दल दोन पक्ष आहेत. आजोबा कोल्हापूरच्या तालमीत घुमलेले. त्यांच्या लेखी तूप, दूध आणि बदामाची थंडाई म्हणजेच ताकद. बाबांची अँजिओप्लास्टी झाल्यापासून आईच्या लेखी तूप म्हणजे संकट. मी दिवसभर कोड लिहितो, संध्याकाळी वजनं उचलतो आणि या दोघांच्या मध्ये जेवायला बसतो.

शरीराचा हिशेब जरा कोरडा असतो. एक ग्रॅम फॅटमध्ये ९ कॅलरी, प्रोटीन किंवा कार्ब्जमध्ये ४. जड स्क्वॉटचे पाच रेप्स मारताना स्नायूंना फॅट जाळायला वेळच नसतो. तिथे क्रिएटिन फॉस्फेट आणि ग्लायकोजेन कामी येतं. फॅटचं काम पडद्यामागचं. अ, ड, ई, के जीवनसत्त्वं शोषली जायला ते लागतं. फारच तोडलं तर टेस्टोस्टेरॉनही थोडं उतरू शकतं. पण गरजेपुरतं मिळाल्यावर आणखी दोन चमचे ओतले म्हणून बारवर दोन किलो चढत नाहीत. आजोबांना तूप पचायचं, कारण शेकड्यांनी जोर-बैठका त्या कॅलरी खाऊन टाकायच्या. मी आठ तास खुर्चीत असतो, आणि तुपातलं सॅच्युरेटेड फॅट एलडीएल वाढवतं.

माझा स्क्वॉट आठ महिने १०० किलोवर आहे. सुरुवातीला ताकद भराभर वाढते, कारण मज्जासंस्था उचलायला शिकत असते. पुढे एकेका किलोला महिने लागतात.

आजोबा विचारतात, “किती उचलतोस?” बाबा विचारतात, “रिपोर्ट कसा आला?” मला दोघांनाही चांगलं उत्तर द्यायचंय. म्हणून भातावर एकच चमचा तूप, मूठभर शेंगदाणे आणि दरवर्षी रक्ततपासणी.