सात की साठ?



'सात' आणि 'साठ' यांत फरक केवढा? बोलताना एका अक्षराचा. पण फवारणीच्या पंपात तोच आठपटींहून जास्त होतो.

गेली काही वर्षे मी संध्याकाळी घरच्या संगणकावरून धुळे-जळगावकडच्या शेतकऱ्यांशी बोलतो. कपाशीवर कीड दिसली की पंधरा-वीस जण एकदम जोडले जातात. माझ्या शेजारी पिठाची गिरणी, त्यांच्याकडे पाण्याची मोटार, कुठे ट्रॅक्टर. म्हणून मुलीने गोंगाट कमी करणारी एक मोफत प्रणाली बसवून दिली. 'आरएनएनॉईज' तिचे नाव. जाँ-मार्क व्हालँ या तंत्रज्ञाने ती २०१७ साली पुढे आणली.

तिचे काम पाहण्यासारखे आहे. संगणक माझ्या आवाजाची सेकंदाला ४८,००० मोजमापे घेतो. त्यांतली ४८० हाती आली, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग झाला, की प्रणाली तेवढाच घास उचलते. बोलणे कोणते, घरघर कोणती हे ताडते, घरघर दाबते आणि पुढचा घास येण्याआधी मोकळी होते. पाणी भरताना एक वाफा भरत आला की दुसऱ्याचे बारे फोडावेच लागते, तसेच हे. तिथे उशीर झाला तर पाणी बांध फोडते. इथे आवाज तुटतो. रेडिओसाठी आधी ध्वनिमुद्रित केलेले भाषण सावकाश दुरुस्त करता येते. चालू बोलण्याला ती सवड नाही.

पण हे काम उफणणीसारखे आहे. वारा जास्त झाला की भुशाबरोबर हलका दाणाही उडतो. आपल्या बोलण्यात स्वर जड, व्यंजने हलकी. 'सात'मधला 'सा' ठळक राहतो. शेवटचा 'त' क्षणभराचा. गेल्या श्रावणात शिरपूरकडच्या एका आप्पांना मी सांगितले, "पंपाला सात मिली." गिरणी जोरात चालू होती. घरघर गेली, पण 'त'सुद्धा गेला.

आप्पांनी विचारले, "साहेब, साठ म्हनले का?"

विचारले म्हणून बरे. औषध महाग, पीक कोवळे, आणि फवारणारा त्यांचा मुलगा.

तेव्हापासून गिरणीकडची खिडकी मी लावून घेतो आणि माईक तोंडापासून वीतभरच ठेवतो. मुळात गोंगाटच कमी शिरला तर यंत्राला दाणा-भुसा निवडायला सोपे जाते. आकडा सांगताना "सात, सहानंतरचा सात," असे म्हणतो आणि समोरच्याकडून परत म्हणवून घेतो.

तुम्हीही फोनवर औषधाचे प्रमाण ऐकाल तेव्हा लाजू नका. आकडा कागदावर लिहा, मोठ्याने वाचून दाखवा, "बरोबर" ऐकू आले की मगच बाटलीचे बूच उघडा.